कारण: मुलाला ताप

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरात एका महिला मंडळाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं, विषय काय तर 'आधी आई की आधी करिअर'. दोन तास चर्चा झाली. एका बाजूनं जिजाऊ आल्या, दुसऱ्या बाजूनं सावित्रीबाई आल्या, मग कोणीतरी 'नुसती हाऊसवाईफ म्हणून हिणवू नका' म्हणालं, मग कोणीतरी 'नोकरीवाल्यांची पोरं मोबाईलवर वाढतात' म्हणालं, त्यावर मागच्या रांगेतून 'तुमची काय कीर्तनावर वाढतात का ओ' असा टोला आला आणि मग चहा आला. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख करून देताना सांगितलं, "यांनी अकरा वर्षांची बँकेची नोकरी मुलासाठी सोडली आणि आता घर सांभाळून स्वतःचा व्यवसाय करतात." टाळ्या. मी पण हसून मान डोलावली. सात वर्षं झाली, मी ही मान डोलावतेच आहे. घरी येताना रिक्षात मात्र मला माझाच राग आला, कारण त्या एका वाक्यात दोन गोष्टी धडधडीत चूक होत्या. मी नोकरी मुलासाठी सोडली नव्हती, आणि घर म्हणाल तर ते त्या दुपारी सासूबाई आणि भांडीवाल्या मावशी सांभाळत होत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोकरी करणारी आई जेव्हा नोकरी सोडते, बदलते, कमी करते, तेव्हा कारण म्हणून मुलाचं नाव पुढे करायचं आपण बंद केलं पाहिजे. लोकांनी तर केलंच पाहिजे पण आधी आपण बायकांनी. 'घर की करिअर' हा वाद मुळात फिरतच राहणार कारण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, ती म्हणजे बाईच्या नोकरीचा प्रश्न हा आई आणि मूल या दोघांच्या मधला आहे. एक पार्टी म्हणते तिनं मूल निवडावं, दुसरी म्हणते तिला दोषी वाटू नये. मधला साहेब, नवरा, महापालिका, पगार, शाळेची वेळ, हे सगळे प्रेक्षकांत बसून चहा पितायत.

महापालिका मी गमतीनं म्हणत नाही. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, आणि उजनी काठोकाठ भरलेली असली तरी तसंच. ते पहाटे येईल की दुपारी दोनला हे काही शपथेवर सांगता येत नाही. पाणी येणार त्या दिवशी घरात एक धडधाकट माणूस लागतंच, मोटार लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिंप, हंडे, कळशा, मग साठलेलं धुणं. तेव्हा सासूबाई गावाकडे असायच्या, आणि ते धडधाकट माणूस कोण हे आमच्या घरात कधी ठरवावं लागलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं. मग मी बँकेत काय करायची? हाफ डे टाकायची. आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहायची? 'पाणी येणार आहे' असं लिहिलं तर मॅनेजर हसले असते. म्हणून मी लिहायची, मुलाला ताप. एका वर्षात माझ्या लेकाला कागदोपत्री नऊ वेळा ताप आला होता, प्रत्यक्षात दोनदा आला असेल. नोकरी सोडली त्या दिवशी निरोप देताना मॅनेजर मनापासून म्हणाले, "चला मॅडम, आता बाळाची तब्येत तरी सुधारेल." मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हसायला येतं पण नीट बघा काय झालं ते. पाणीपुरवठ्याचा प्रॉब्लेम होता, नवऱ्यानं एकदाही त्याच्या ऑफिसात हाफ डे टाकला नाही हा प्रॉब्लेम होता, आणि रेकॉर्डला काय गेलं तर 'मूल आजारी'. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात आलंय की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात घालवते आणि जे पुरुष घरकाम करतात असं सांगतात त्यांची ८८ मिनिटं होतात. आता यात मुलं सांभाळणं धरलेलंच नाही, माणसांची देखभाल हा त्या सर्वेक्षणात वेगळा कप्पा आहे. म्हणजे ही पावणेपाच तासांहून जास्त वेळ चाललेली भाकरी, भांडी, झाडलोट, धुणं. आपण म्हणतो मुलांमुळे बाईला नोकरी झेपत नाही. पोराला कशाला बोल लावता, ते बिचारं शेंगाचटणी भाकरी खाऊन शाळेला गेलेलं असतं, अडलंय ते खरकट्या ताटांत.

आता माझं खरं कारण. तीन कारणं होती, आणि एकही उदात्त नव्हतं. एक म्हणजे विमा पॉलिसी विकायचं टार्गेट. संध्याकाळी सहाला कॉल असायचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलगा पुण्यातून ओरडायचा की आज किती पॉलिसी लॉगिन केल्या. दुसरं, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलवाले, चादरवाले, लहान यंत्रमागवाले गांगरून गेले. माझं बीकॉम झालेलं, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येत होतं, आणि मला स्पष्ट दिसलं की इथे पैसा आहे. होय, पैसा. हे वाक्य बाईनं म्हटलं की अजून लोक इकडेतिकडे बघतात. आणि तिसरं कारण म्हणजे एक मावशी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून यायच्या, विडी कामगारांसाठी २००६ साली दहा हजार घरांची जी वसाहत झाली ना, तिथून. आयुष्यभर विड्या वळून बोटांची टोकं काळपट तपकिरी झालेली, तेलुगू वळणाचं मराठी. फंडाचे पैसे आले होते, 'पोस्टासारखं ठेव बाई, व्याज येतंय तसलं' म्हणाल्या. महिनाअखेर होती. मी त्यांना दरवर्षी हप्ता भरायची विम्याची पॉलिसी दिली. सही केली त्यांनी, मोडक्या अक्षरात, प्रत्येक अक्षराला थांबून. पॉलिसी परत करायची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची असायची, ती त्यांना मी सांगितली का? छापलेली होती. दुसऱ्या वर्षी हप्त्याचं पत्र गेल्यावर त्या आल्या आणि काउंटरच्या त्या बाजूला नुसत्या उभ्या राहिल्या, भांडल्या पण नाहीत. त्यानंतर चार महिन्यांत मी राजीनामा दिला.

आणि गंमत ऐका. माझा धंदा म्हणजे लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरून द्यायची, त्यातलं जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेला भरायचं असतं आणि ३बी २० तारखेला. त्या दोन तारखांच्या अलीकडचे तीन-तीन दिवस मी रात्री दहाच्या आत घरी नसते. बँकेत असताना निदान साडेसात-आठला घरी यायची. म्हणजे तासांचा हिशोब काढला तर लेकाच्या वाट्याला मी आता कमी येते, जास्त नाही. तरी कथा काय चालू आहे, मुलासाठी सोडली. घड्याळ खोटं पडलं तरी चालेल, कथा खोटी पडता कामा नये!

आता समोरच्यांचं पण ऐकते, कारण त्यांच्या म्हणण्यात दम नाही असं नाही. पहिली गोष्ट, काही जणींचं कारण खरोखर मूलच असतं. आमच्या गल्लीत एकीच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, तिला दिवसातून दोनदा थेरपीला न्यावं लागतं, त्या बाईनं शिक्षिकेची नोकरी सोडली. तिला मी जाऊन काय सांगू, मुलीचं नाव घेऊ नको म्हणून? बिलकुल नाही. पण तिचं काय झालं ते बघा. तिनं शाळेत एक वर्ष बिनपगारी रजा मागितली तेव्हा संस्थेतले म्हणाले, 'मॅडम, मुलं सगळ्यांनाच असतात.' बरोबरच बोलले ते त्यांच्या हिशोबानं, कारण आम्ही बाकीच्यांनी ते नाणं घासून घासून गुळगुळीत करून ठेवलंय. माझ्या लेकाच्या नऊ खोट्या तापांची किंमत तिच्या लेकीच्या खऱ्या अडचणीनं भरली. ती संस्था वेगळी, माझी बँक वेगळी, पण नाणं तेच चालतंय ना सगळीकडे.

दुसरं म्हणणं जास्त व्यवहारी आहे आणि ते माझ्या बहिणीचं आहे. ती म्हणते, अगं कारण सांगून कुठे पदक मिळणारे, मुलाचं नाव सांगितलं की कोणी वाद घालत नाही, सासर गप्प, ऑफिस गप्प, निघताना अनुभवाचं पत्र पण चांगलं मिळतं. 'पगार कमी वाटतो' म्हटलं की हावरट, 'साहेब नालायक आहे' म्हटलं की भांडखोर. मग सोपा रस्ता का सोडायचा? खरंय. मीही त्याच रस्त्यानं आले की. पण हा रस्ता फुकट नाही, टोल फक्त दुसऱ्याकडून वसूल होतो. माझ्या जागेवर पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू झाले तेव्हा आलेल्या मुलीला पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'लग्न झालंय? मुलं? सांभाळायला घरी कोण आहे?' का नाही विचारणार? त्यांच्या फायलीत मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय की चांगली अकरा वर्षांची बाई मुलापायी गेली. 'विमा विकायची जबरदस्ती करता म्हणून गेली' असं लिहिलं असतं तर कदाचित त्या संध्याकाळच्या कॉलवर एखादा प्रश्न आला असता, कदाचित नसता पण. मात्र त्या नव्या मुलीच्या गर्भाशयाची चौकशी करायचं कारण मी तरी पुरवलं नसतं.

इथे बापांचं बघा. आमच्या शहरात गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा हजारो पुरुषांना चाळिशीत धंदा बदलावा लागला. कोणी रिक्षा घेतली, कोणी यंत्रमागावर गेलं, कोणी पुण्यात वॉचमन झालं. आजही हुतात्मा एक्सप्रेस बघा, पुण्याला खोली करून राहणारे सोलापूरचे बाप त्यात भरलेले असतात आणि विचारलं की म्हणतात, 'काय करणार, पोरांच्या शिक्षणासाठी.' म्हणजे बाप पण मुलांचंच नाव घेतो की! फक्त त्यानं घेतलं की तो घराबाहेर पडतो आणि आईनं घेतलं की ती घरात येते. तेच पोर, तीच फी, मग ते बापाला बाहेर ढकलतं आणि आईला आत ओढतं, असं कसं? ताकद त्या पोराची नसणार ना. दोर दुसऱ्याच कोणाच्या हातात असणार.

आणि हा नाद आजचा नाही. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्या दुःखातून ती डॉक्टर झाली. पण १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालात सेरामपूरला तिनं जाहीर भाषण केलं, मी का चालले ते सांगायला, वय अठरावं सुरू. हिंदुस्थानात बायकांना तपासायला बाई डॉक्टर पाहिजेत, त्याची गरज वाढत चाललीय, हे तिनं सांगितलेलं कारण होतं. म्हणजे चांगला देशाचा प्रश्न मांडून गेली पोरगी. बाळाचं दुःख नसेल असं मी म्हणत नाही, तेवढी दगड मी नाही. पण तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं कारण आपण बाजूला ठेवलं आणि आपल्याला पटेल ते तिच्या तोंडात घातलं. का? तर बाईनं समाजाचा विचार करून करिअर निवडलं हे पचत नाही, बाळामुळे निवडलं म्हटलं की डोळ्यात पाणी येतं आणि विषय संपतो.

आता सगळ्यात जड मुद्दा. कार्यक्रमातच एका तरुण मुलीनं काढला होता आणि मला तिथे उत्तर सुचलं नाही. ती म्हणाली, हे सगळं पगारवाल्यांचे लाड आहेत, शहराच्या पूर्व भागात जाऊन बघा, विडीवाल्या बायकांना कुठलं करिअर आणि कुठला बदल. बरोबर आहे. राजीनामा द्यायला आधी नेमणूकपत्र लागतं. पण मी त्यावर आठ दिवस विचार केला आणि मला वाटतं तिचा मुद्दा माझ्याच बाजूला पडतो. विडी घरी का आली? पानं आणि तंबाखू विडी कंपनीच्या ब्रँचमधून आणायचा, घरी पानं भिजवायची, कापायची, वळायच्या, बांधायच्या आणि माल नेऊन द्यायचा, मजुरी दर हजार विड्यांमागे, आणि खराब म्हणून काढल्या त्या तुमच्या नशिबाच्या. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा झाला त्यात पाळणाघर होतं, पण ते कारखान्याच्या जागेत, ठरावीक संख्येच्या वर बायका कामाला असतील तर. बायका घरी बसून वळायला लागल्या की पाळणाघर नको, जागा नको, दिवे नको, पंखा नको. आणि हे सगळं कसं विकलं जातं? 'घरबसल्या काम, मुलांकडे लक्ष राहतं.' म्हणजे त्याच मुलाचं नाव, इथे मालकानं वापरलेलं. तंबाखूची धूळ त्याच मुलाच्या नाकात जाते ते सोडा.

आणि या बायकांनी स्वतः काय केलं? कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चात लाल झेंडे घेऊन कलेक्टर कचेरीवर जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघतेय. त्या काय मागायच्या? मजुरी वाढवा, पेन्शन द्या, घर द्या. 'आम्ही आया आहोत, दया करा' असं नाही मागितलं. नेमणूकपत्र नसलेल्या बायका रस्त्यावर उभं राहून खरं कारण ओरडून सांगतात आणि आम्ही एसीत बसून मुलाला ताप लिहितो. लाड कोणाचे ते आता त्या मुलीनंच ठरवावं.

कोणी म्हणेल, मग आईपणाचं नाव घेतल्याशिवाय हक्क तरी कसे मिळाले असते? चांगला प्रश्न आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या, म्हणजे पोर दिवसभर झोपून राहील. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही या अफूबद्दल लिहिलंय. तेव्हाही भल्या लोकांची एक बाजू म्हणायची आया अडाणी आहेत. पण १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी काय केलं, तर आईच्या मायेवर प्रवचन नाही दिलं, खर्चावर बोलले. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा, आणि मालकालाही सुटका नाही. १९२९ ला कायदा झाला. मूल तिथे कारण म्हणून नाही, बिल म्हणून टेबलावर आलं, आणि ते कोण भरणार हे विचारलं गेलं. माझा विरोध मुलाचा उल्लेख करण्याला नाहीच, बिल लपवायला मुलाचा पडदा करण्याला आहे. २०१७ ला रजा १२ आठवड्यांची २६ झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. ज्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नाही अशा खाजगी नोकरीत ती सगळी रजा मालकाच्या खिशातून जाते आणि बापाला त्या कायद्यात एक दिवस पण नाही. मग मालक कोणाला घ्यायला कचरणार, सांगायला पाहिजे का? त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय हवी, त्यात कर्मचारी मोजले, बायका नाही. फॅक्टरी कायद्यात आधीपासून बायकांची संख्या मोजायचे, म्हणजे मालकानं बायकाच कमी ठेवल्या की पाळणाघर टळलं. एवढासा शब्द बदलला, मूल आईचं होतं ते कामगाराचं झालं. ही सोय किती ठिकाणी दिसते ते मी एमआयडीसीत फिरताना बघते, त्यावर पुन्हा कधीतरी.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय तर कार्यक्रमाच्या आठवड्यातच घरी एक गोष्ट झाली. लेकाला गणितात ४१ पडले. तो सातवीत आहे. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुझ्यासाठी आईनं सोन्यासारखी बँक सोडली रे, अन् तू हे पांग फेडतोयस?" त्या वाईट नाहीत, त्यांनी जे ऐकलं तेच बोलल्या, आणि ते ऐकवलं मीच होतं, सोडताना त्यांच्याकडे पण हेच कारण चालवलं होतं. पोरगा काही बोलला नाही. रात्री झोपताना भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी तुला सोड म्हणालो होतो का?" पाच वर्षांचा होता तो तेव्हा. त्याच्या नावावर मी एवढं मोठं कर्ज काढलं होतं आणि त्याला जामीन पण विचारलं नव्हतं, सात वर्षं व्याज चढत होतं त्याच्यावर.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पुण्याचा ओरडणारा साहेब, नऊ ताप, ते ऐकून तो खुदकन हसला, जीएसटी, पैसे, सगळं. मावशींचं शेवटी सांगितलं, कारण ते सांगायला जीभ वळत नव्हती. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांचे पैसे परत मिळाले का?"

नवऱ्यानं, आईनं, सासूनं, मॅनेजरनं, त्या कार्यक्रमातल्या पन्नास-साठ जणींनी, कोणी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. कसा विचारतील, मी त्यांना मावशींपर्यंत येऊच दिलं नव्हतं.

"अर्धे पण नाही मिळाले," मी म्हणाले. मग तो उठून बसला आणि म्हणाला, अर्धे म्हणजे किती.